तिथीची पाऊणपट आणि नववीची वही

जुलै महिन्यात कोकणात कंगवा चालत नाही. केसांतून चालतो, कागदाच्या कपट्यांवर चालत नाही.

हे कळायला मला दोन पावसाळे लागले. मी मूळची मिरजेकडची. लग्न होऊन दापोली तालुक्यात आले आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायला लागले. त्याला आता २२ वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात सातवीला स्थितिक विद्युत शिकवताना मी मोठ्या ऐटीत कंगवा केसांवर घासला आणि कपट्यांजवळ नेला. कपटे ढिम्म. पुन्हा घासला. मग फुगा आणला, लोकरीचा तुकडा आणला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, कागद सादळलाय." वर्ग हसला आणि मी त्या पोराला उभं केलं. खरं तर त्या तासाला वर्गात विज्ञान एकट्या त्यालाच येत होतं. हवा इतकी दमट असते की कंगव्यावर, कागदावर, सगळ्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि घासून जमवलेला प्रभार त्या थरातून निसटून जातो. पाठ्यपुस्तक अख्ख्या महाराष्ट्राला एकच. सोलापुरात चाललेला कंगवा इथे का चालत नाही हे त्यात कुठे लिहिलेलं असणार?

आता हा पाठ मी जानेवारीत घेते. तोही पहिल्या तासाला नाही, कारण तेव्हा दव असतं. आणि दुपारनंतरही नाही, कारण खारे वारे सुरू होतात. साडेदहाच्या सुमारास, मतलई वारा असताना, कपटे कंगव्याला असे चिकटतात की पोरं टाळ्या वाजवतात.

तेव्हापासून जूनमध्ये नवं पुस्तक हातात आलं की मी आधी अनुक्रमणिका काढते आणि पेन्सिलीने धड्यांसमोर महिने लिहिते. टाचण वहीत मात्र पुस्तकाच्याच क्रमाने लिहावं लागतं. ती वही तपासायला येणाऱ्यांनी आजवर मला दोनदा विचारलं, की तुम्ही पाचवा धडा सोडून नववा का घेताय. पहिल्यांदा मी खरं उत्तर दिलं. दुसऱ्यांदा "मुलांच्या आवडीनुसार" असं सांगितलं, ते चाललं.

कधीकधी ऋतूच दगा देतो. शून्य सावलीचा दिवस इथे दोनदा येतो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि एकदा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये सुट्टी, ऑगस्टात पाऊस. २२ वर्षांत सावली नाहीशी होताना मी वर्गाला एकदाही दाखवू शकलेले नाही. मुंबईच्या मैत्रिणी फोटो पाठवतात.

गंजण्याचा प्रयोग मात्र जुलैतच करावा. तीन परीक्षानळ्या आणि तीन खिळे घ्यायचे. एका नळीत साधं पाणी. दुसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, म्हणजे हवा नाही. तिसरीत कोरडी हवा, त्यासाठी कॅल्शिअम क्लोराइड. हा तिसरा भाग आमच्याकडे कायम फसायचा, कारण कॅल्शिअम क्लोराइडची बाटली एकदा उघडली की आठवड्याभरात तिच्यात खडे राहत नाहीत, पाणी होतं. पहिल्या वर्षी मी ती बाटली फेकून दिली. आता मी तीच बाटली आधी वर्गात फिरवते आणि विचारते, "ह्यात पाणी कुणी ओतलं?" चोर शोधायला अर्धा तास जातो. चोर हवा निघते. मग तिसऱ्या नळीत काय घालायचं हे मुलांनीच ठरवायचं. गेल्या वर्षी एकीने घरून तव्यावर कडक भाजलेले तांदूळ आणले, मिठाच्या बरणीत आई घालते तसे, आणि बूच मेणाने बंद केलं. साध्या पाण्यातला खिळा दुसऱ्या दिवशीच तांबूस झाला. तांदळातला अकराव्या दिवशी. "गंजला म्हणजे चुकलं का बाई?" तिने विचारलं. दोन आणि अकरा हे आकडे वहीत लिही म्हटलं, चुकलं की बरोबर ते मग बघू.

त्याच आठवड्यात बंदरावरचा एक मुलगा पिशवीतून एक खरबरीत राखाडी गोळा घेऊन आला. बोटीच्या पंख्याजवळ बसवतात तो झिंकचा, म्हणजे जस्ताचा ठोकळा. नवा असताना साबणाच्या वडीएवढा असतो, हा पेढ्याएवढा उरला होता. तो झिजतो म्हणून पंख्याचा दांडा वाचतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. का वाचतो ते माहीत नव्हतं. क्रियाशीलता श्रेणीत जस्त लोखंडाच्या वर आहे, खाऱ्या पाण्यात दोघं जोडलेले असले की जस्त आधी झिजतं, एवढं सांगायला मला पाच मिनिटं पुरली. पूर्वी ह्याच श्रेणीसाठी मी दोन तास फळा भरवत असे आणि मुलं ती पाढ्यासारखी म्हणून दाखवत. मुलांना ती अजूनही पाठ करावी लागते, पण ठोकळा आता कपाटात आहे आणि दर वर्षी हातोहात फिरतो.

वहीबद्दल सांगायला हवं, कारण माझी सगळी मिजास त्या वहीवर आहे. मी शिकवायला लागले तेव्हा प्रयोगवही म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीची नक्कल असायची. उद्दिष्ट, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. प्रयोग न करता सगळं सुंदर अक्षरात. एकदा तर एका वहीत निरीक्षण लिहिलेलं होतं आणि त्या दिवशी आमच्याकडे स्पिरिटच नव्हतं.

आता माझ्या वर्गाची कच्ची वही वेगळी असते. तिला तीन रकाने: अंदाज, दिसलं, भांडण. प्रयोगाला हात लावण्याआधी पहिला रकाना भरायचा. पेनने. पेन्सिलीने लिहिलं की पोरं प्रयोग झाल्यावर गुपचूप खोडतात आणि सगळ्यांचे अंदाज बरोबर येतात. पेनने लिहिलं की तो मुलगा त्या अंदाजाशी बांधला जातो, मग त्याला खिळ्याकडे, नळीकडे, सावलीकडे खरंच बघावंसं वाटतं. दुसऱ्या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलं ते. "रासायनिक अभिक्रिया झाली" हे दिसत नाही. बुडबुडे दिसतात, फेस दिसतो. आणि तिसऱ्यात, पहिले दोन जुळले नाहीत तर का, यावर शेजाऱ्याशी भांडायचं आणि भांडणात काय ठरलं ते लिहायचं. काही ठरलं नाही तर "ठरलं नाही" असं लिहायचं. शहाणे लोक याला मोठी नावं देतात. माझ्या पोरांना भांडण हा शब्द कळतो.

आता आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट आंबट रसाची गोष्ट. नववीला आम्ल आणि आम्लारी असतात. लिटमसच्या पट्ट्यांची डबी पावसाळ्यानंतर उघडली, तर निळ्या आणि तांबड्या पट्ट्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसायला लागलेल्या. म्हटलं हरकत नाही, कोकणात दर्शकाला काय तोटा? कोकमाचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि आम्लारीत बदलतो, जास्वंदीचाही बदलतो. घरून आगळाची बाटली नेली. अर्धी वाटी आगळ घेतलं आणि ड्रॉपरने खायच्या सोड्याचं पाणी टाकायला लागले. पाच थेंब, दहा थेंब, वीस थेंब. बुडबुडे येतात, रंग लालच्या लाल. वर्ग बघतोय, मला घाम. शेवटी वैतागून सोड्याचा अख्खा चमचा ओतला. फेस उसळला तो टेबलावर, आणि टेबलावरून हजेरीपटावर. ती पानं अजून जांभळी आहेत.

मी पुसत असताना एक मुलगी म्हणाली, "बाई, पण कोकम स्वतःच आंबट आहे ना? मग आधी त्याचंच आंबट मरायला नको?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. ती शंभर टक्के बरोबर होती. आगळात नुसता रंग नसतो, आम्लही भरपूर असतं. आधी सोडा ते सगळं आम्ल मारतो, मगच रंगाला हात घालतो. उदासिनीकरण ही व्याख्या मी सोळा वर्षं शिकवत होते आणि आगळाच्या वाटीत मला ती दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक चमचा आगळ पेलाभर पाण्यात घेतलं. आता रंग पटकन फिरायला लागला. खायच्या सोड्याने जांभळट, चुन्याच्या निवळीने मळकट हिरवा. (चुना पानाच्या टपरीवरचा. पाच रुपयांत वर्षभराची निवळी होते, फक्त ती घरी कुणी प्यायचं पाणी समजून प्यायला घेणार नाही अशा बाटलीत ठेवावी.) मग पुढची कल्पना मुलांचीच. थेंब मोजायचे. ज्याच्या घरचं आगळ मारायला जास्त थेंब लागतील त्याचं आगळ जास्त आंबट. सात घरांची आगळं आली. सोड्याचं पाणी सगळ्यांना एकच, ड्रॉपर एकच, पेला एकच. एकीच्या घरचं ४१ थेंबांवर फिरलं, एकाचं २३ वर. "तुझ्या आयशीने पाणी घातलंन!" यावरून जे भांडण झालं ते तिसऱ्या रकान्यात मावलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या आयशीने मला मासळीच्या रांगेत गाठलं आणि यंदा रातांबेच, म्हणजे कोकमाची फळंच, पाणचट होती असं सगळ्यांसमोर ऐकवलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. रंग बदलला हे ठरवायचं कुणी? एकाला ३८ व्या थेंबाला जांभळा दिसतो, दुसऱ्याला ४१ व्या. शेवटी तीन पंच नेमले, दोघांनी हो म्हटलं की थांबायचं. पेल्याखाली पांढरा कागद ठेवायचं पंचांनीच शोधलं. पुढे अकरावीला गेलेली त्यातली एक मुलगी भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, कॉलेजात ब्युरेट दाखवली, ती थेंबथेंब सोडायची खुणांची काचनळी, मला वाटलं हे तर आपलं आगळच."

यातलं काहीही परीक्षेत विचारत नाहीत. कोकमाचा रंग लिहिला तर गुण मिळतील की नाही ते तपासणाऱ्यावर. म्हणून प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं मी पुस्तकाच्या भाषेसाठी ठेवते. लिटमसचा रंग, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग, समीकरण, व्याख्या. दहावीला ४० अधिक ४० लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे, हे गणित पालकांना माझ्याहून पाठ असतं. "बाई, हे आगळाचं परीक्षेला येतं का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. मी म्हणते, शेवटची दहा मिनिटं येतात.

प्रकाशाचा आणि भिंगांचा धडा नारळी पौर्णिमेनंतर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि मला बांगड्याचे डोळे लागतात. ताज्या बांगड्याचा डोळा ब्लेडने अलगद चिरला की आतून मण्यासारखं गोल, काचेसारखं स्वच्छ भिंग घरंगळत बाहेर येतं. ते वर्तमानपत्रावर ठेवायचं, खालची अक्षरं मोठी दिसतात. मग प्रश्न: आपलं भिंग चपटं, माशाचं गोटीसारखं गोल, असं का? आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम बाहेरचा पारपटलच करतो, कारण त्याच्या पुढे हवा असते. माशाच्या पारपटलापुढे पाणीच. पाण्यातून जवळजवळ पाण्यासारख्याच पडद्यात शिरताना प्रकाश फारसा वळत नाही, सगळा भार भिंगावर. पोहताना डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, याचं उत्तर त्यातच आहे, आणि ते आमच्या पोरांना विचारायला लागत नाही, त्यांनी रोज बघितलेलं असतं. जी मुलं मासळीला हात लावत नाहीत त्यांच्यासाठी काचेच्या गोट्या ठेवते. एकदा एकाने भिंग घरी नेऊन उकळलं. पांढरंफटक झालं. अंड्याचा पांढरा भाग होतो तसं, असं त्यानेच लिहिलं होतं.

आमच्या प्रयोगशाळेविषयी फार सांगण्यासारखं नाही. एक खोली, दोन लाकडी कपाटं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या खोलीचे पत्रे उडाले. कोविडमुळे शाळा बंदच होती, कपाटं उघडली ती बऱ्याच दिवसांनी. बाटल्या शाबूत, चिठ्ठ्या सगळ्या धुऊन गेलेल्या. मोरचूद निळ्या रंगावरून ओळखला, पोटॅशिअम परमँगनेट जांभळ्यावरून. पांढऱ्या पावडरींच्या १४ बाटल्या उरल्या. एक सहकारी म्हणाले, मुलांनाच ओळखायला द्या, छान उपक्रम होईल. नाही दिल्या. अनोळखी पावडर मुलांच्या हातात देणं हा उपक्रम नव्हे. त्या बाटल्या गेल्या त्याचं तेव्हा वाईट वाटलं, पण स्वयंपाकघर आणि बंदर यांच्याकडे मी नीट बघायला लागले ते त्यानंतरच. अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या कल्पनांचाही तेव्हा फार आधार झाला, जरी त्यांच्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतली ट्यूब आमच्या बाजारात आता मिळत नाही. मुलं त्याऐवजी सलाइनची नळी आणतात, कुठून ते मी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीची सहल विजयदुर्गाला नेली. किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून चौथरे आहेत. तिथे आम्हाला ऐकायला मिळालं ते असं: १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकियर ह्या साहेबाने याच ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला. मुलं भारावली. मीही वर्षानुवर्षं वर्गात हेच सांगत आले होते.

परतीच्या बसमध्ये एका मुलाने विचारलं, "ऑगस्टात? बाई, ऑगस्टात सूर्य दिसतो का हो इथे?"

या एका प्रश्नाने माझी झोप उडवली. घरी येऊन शोधायला बसले. १८६८चं ग्रहण खरं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन त्यासाठी आला होता, पण तो आंध्रात गुंटूरला होता. लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या वर्णपटात एक पिवळी रेषा पाहिली. सोडियमच्या रेषांच्या शेजारची, पण त्यांच्याशी न जुळणारी. ती रेषा ज्याची, त्या नव्या मूलद्रव्याला सूर्यावरचं म्हणून पुढे हेलियम नाव मिळालं. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ मध्ये, रॅम्झी ह्या रसायनशास्त्रज्ञाला, एका युरेनियमच्या खनिजात. आणि लॉकियर विजयदुर्गाला आला होता हेही खरंच आहे, फक्त ३० वर्षांनी: २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी, तुकडी आणि उपकरणं घेऊन. त्याचा अहवाल रॉयल सोसायटीने छापलेला आहे. जानेवारीत इथलं आकाश कसं असतं ते मी वर कंगव्याच्या संदर्भात सांगितलंच आहे. म्हणजे ते ओटे ह्या दुसऱ्या ग्रहणाचे असणं जास्त पटतं.

हे मी वर्गाला सांगितलं तेव्हा दोन मुलं नाराज झाली. आपल्या कोकणातला हेलियम मी काढून घेतला असं त्यांना वाटलं. मला तसं वाटत नाही. समुद्रातल्या किल्ल्यावर एका साहेबाने तंबू ठोकून दोन मिनिटांच्या अंधारासाठी आठवडेच्या आठवडे तयारी केली, ही गोष्ट मला आधीच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. पण भांडणाच्या रकान्यात त्या दोघांनी "ठरलं नाही" असं लिहिलं आणि मी त्यावर बरोबरची खूण केली.

आता भरती.

नववीला मी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढली होती. मुलांना उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द माझ्याआधीपासून माहीत असतात, त्यामुळे तिथे वेळ जात नाही. मला भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते हे काढून घ्यायचं होतं. म्हणून विचारलं, "आज भरती किती वाजता असेल, कसं सांगाल?" अंदाजाचा रकाना भरायला सगळ्यांनी मान खाली घातली. बंदरावरचाच एक मुलगा, एरवी गणितात काठावर पास, वर न बघता म्हणाला, "आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला."

हा हिशेब किनाऱ्यावर जुना आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिरजेकडच्या बाईला हे कुणी सांगणार? मी खडू ठेवला आणि त्यालाच फळ्याशी बोलावलं.

मग मी माझ्या बाजूने मांडलं. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. बारा चोक ४८. म्हणजे भरती दर तिथीला ४८ मिनिटं पुढे जायला हवी. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असते, म्हणून घड्याळाच्या दिवसामागे ५०. पाऊणपट म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक, चालायचंच, असं मी म्हणणार तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता. एका रात्रीत दीड तास?"

तीन मिनिटं पंधरा वेळा साठली की पाऊण तास होतो, तो पक्ष संपताना एकदम वसूल होतो. हे मला फळ्यावर दिसायला हवं होतं, तिला वहीत दिसलं. मग पाऊणपट नको तर काय? थोड्या खटपटीनंतर वर्गानेच काढलं, चार पंचमांश. पंधराचे चार पंचमांश बारा. कुठेही उडी नाही. पोरांनी आपला शोध लागल्यासारखा आरडाओरडा केला, शेजारच्या वर्गावरचे सर बघून गेले.

पण अंदाज झाला, दिसलं कुठे? पौष शुद्ध प्रतिपदेपासून जेटीच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा केल्या आणि पाळ्या लावल्या. प्रत्येक पाळीला एक मोठं माणूस बरोबर, ही माझी अट. पहिल्या दिवशीच कळलं की भरती "लागते" तो क्षण सापडत नाही. पाणी वरच्या खुणेशी बराच वेळ नुसतं डुलत राहतं. त्यावर उपाय एका मुलाच्या वडिलांनी सांगितला: चढताना एका खुणेला पाणी किती वाजता लागलं आणि उतरताना त्याच खुणेला किती वाजता, दोन्हींच्या मधली वेळ धरा. त्या गृहस्थांचं शिक्षण चौथी.

पंधरवडाभराचे आकडे आले आणि आमचे चार पंचमांश पडले. अमावास्येनंतरच्या दिवसांत भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच पुढे जात होती. अष्टमीच्या सुमारास तासाहून जास्त. समान पावलं टाकतच नव्हती. कारण ओढ एकट्या चंद्राची नाही. सूर्याचीही आहे, भरतीपुरती ती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी, आणि दोघं एका रेषेत नसले की पाण्याचा फुगवटा दोघांच्या ओढाताणीत मागेपुढे सरकतो. हे मी शिकवलं, पण ते आकडे हातात आल्यावर. आधी शिकवलं असतं तर एकानेही विचारलं नसतं.

पंचमीवाला मुलगा त्या आठवड्यात गप्प होता. त्याची पाऊणपट चुकीची ठरली असं त्याला वाटत होतं. सोमवारी आला तो सरळ टेबलाशी.

"बाई, आज्याला सगळं सांगितलं. चार पंचमांश पण सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, पाऊणपट होडीत बसून तोंडी होते, तुमचं ते होत नाही. आणि म्हणाला, पाऊणपट काठावर कधी यायचं त्यासाठी. तेवढ्याला येऊन बसायचं. होडी पाणी बघूनच सोडायची."

मी काही बोलले नाही. त्याने वही उघडली, तिन्ही रकाने भरलेले होते.

"बाई, आज्याचं कुठे लिहू? अंदाजात, का भांडणात?"

चौथा रकाना आख, म्हटलं. पानावर जागा उरली नव्हती. त्याने ते समासात उभं लिहिलं.